टाकणारा कोण?

मिरचीच्या दिवसांत गडहिंग्लज भागात अंगणं लाल होतात. मिरची वाळत घालायची, दिवस कलला की गोळा करून आत घ्यायची. अवेळी आभाळ भरून आलं तर अख्खं घर धावतं. माणसाला आपण वाळीत टाकतो, तेव्हा मात्र कुणी धावत नाही.

'वाळत' आणि 'वाळीत' कानाला भाऊ वाटतात, पण घरं वेगळी. जुन्या मराठीत 'वाळणे' म्हणजे वगळणे, सोडून देणे. त्यातून 'वाळीत' आला. त्याच्या जोडीला 'टाकणे' आलं. केर टाकतात, तसा माणूस. खरी मेख वाक्यात आहे. "त्या घराला वाळीत टाकलंय." कुणी टाकलं? वाक्यातून टाकणाराच गायब आहे. ज्याला टाकलं त्याचं नाव गावभर, टाकणाऱ्याचं कुठेच नाही.

महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. 3 जुलै 2017 पासून तो लागू आहे. 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लग्न, अंत्यविधी, सार्वजनिक जागा, देणंघेणं यांतून माणसाला तोडणं हा गुन्हा ठरला. कायद्याने कर्ता मागितला. जातपंचायतीचे पंच त्यात सापडू शकतात.

पण पंच न बसताही माणूस वाळीत पडतो. जोगतिणीच्या, म्हणजे देवाला वाहिलेल्या देवदासीच्या, परडीत पीठ घालायचं, हळदकुंकू लावून घ्यायचं, आणि पंगतीत मात्र तिला पाट मांडायचा नाही. ठराव नाही, सही नाही. सगळं गाव मिळून पाळतं. 1975 साली याच गडहिंग्लजात देवदासींची परिषद भरली. दारात उभं राहण्याची सवय लावलेल्या बायांना तिथं मांडवात बसायला जागा मिळाली. या गावाने अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट आहे.

विधवेचंही तेच. शुभकार्यात तिला कुणी "येऊ नको" म्हणत नाही. फक्त बोलावत नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे 2022 मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. जे गाव मिळून पाळतं, ते गावाला मिळून मोडताही येतं, हे हेरवाडने दाखवलं.

म्हणून दोन गोष्टी करूया. मोबाईलच्या ग्रुपमधून कुणी काढलं तर "मला वाळीत टाकलं" असं गमतीत म्हणणं सोडूया. ज्यांच्या घरच्या मयताला खांदा द्यायला कुणी आलं नाही, त्यांचा तो शब्द आहे. आणि "त्यांना वाळीत टाकलंय" असं कानावर आलं की लगेच विचारूया, "कुणी?"

उत्तर "आपणच" असं आलं, तर दिवस कलायच्या आत त्या घरी जाऊया. मिरचीसाठी जातो, तसंच धावत.