पंधरा ओहमवाला की अकरा ओहमवाला?

जुने, चांगले इंग्लिश स्पीकर घ्यायचे मनात आले, की प्रथम एलएस ३/५ए हे नाव पाठ करावे. एलएस म्हणजे लाउडस्पीकर, ३ म्हणजे बाह्यप्रक्षेपण, ५ हा आराखड्याचा क्रमांक आणि ए म्हणजे सुधारणा. बीबीसीच्या संशोधन विभागाने १९७०च्या दशकात ही फूटभर उंचीची पेटी तयार केली, कारण बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत मोठा मॉनिटर मावत नव्हता आणि निवेदकाचा आवाज तर नीट पारखायचा होता. यात गूढ काहीच नाही. तरीही नाव उच्चारताना आवाज थोडा खाली आणावा.

आता खरी अडचण. बीबीसीने हे स्पीकर बनवण्याचे परवाने दिले आणि रॉजर्स, चार्टवेल, ऑडिओमास्टर, स्पेंडॉर, हार्बेथ अशी घराणी उभी राहिली. आराखडा सगळ्यांचा एकच. आतले टी२७ ट्वीटर आणि बी११० वूफरही सगळ्यांना केईएफ या कंपनीकडूनच यायचे. कोणाचीही पेटी ठरलेल्या मोजमापांत बसावी, हाच बीबीसीचा कटाक्ष. म्हणूनच रॉजर्स आणि स्पेंडॉरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे नवशिक्याने निमूट मान्य करावे. गुरू एक, बंदिश एक, तरी षड्ज लागतो तो आपल्याच घराण्याचा. फरक ऐकू आला नाही तर मान हलवावी; इतरांनाही तो असाच ऐकू येतो.

१९७६ साली बीबीसीच्या अभियंत्यांनी या आराखड्यावर सविस्तर अहवाल छापला. तो वाचू नये. मते पातळ होतात.

यापुढे पंधरा आणि अकरा. सुरुवातीचे स्पीकर १५ ओहमचे. पुढे बी११० जुन्या मापात नीट बसेना, तेव्हा १९८०च्या दशकाच्या अखेरीस वूफर सुधारला, क्रॉसओव्हर नव्याने आखला आणि ११ ओहमची आवृत्ती आली. मूळ आवाजाच्या जवळ परत जाणे हाच त्यामागचा हेतू होता. बाजाराने यातून योग्य तो बोध घेतला आणि पंधराचा भाव चढवला. पंधरावाल्याने ‘मध्यसप्तकातला ओलावा’ म्हणावे, अकरावाल्याने ‘संयम’ म्हणावे. दोघांनी एका खोलीत बसून, डोळे मिटून ऐकण्याचा प्रसंग मात्र कटाक्षाने टाळावा.

विक्रेत्याकडे गेल्यावर आधी मागची पाटी वाचावी, मग हवे तर ऐकावे. दोन्ही पेट्यांचे अनुक्रमांक जुळतात का पाहावे. न जुळणारी जोडी दाखवून ‘दोन्ही ओरिजिनल आहेत, साहेब’ असे कोणी म्हटले, तर ते खरेच असते. फक्त जोडी नसते. पुढची जाळी हलकेच काढून ट्वीटरभोवतीची नमद्याची चौकट जागेवर आहे का बघावे आणि जाळी परत लावावी. हा स्पीकर जाळीसकट ऐकण्यासाठीच जुळवलेला आहे. काढून ठेवतात ते फोटोसाठी. बी११०ची किनार फोमची नाही, त्यामुळे इतर जुन्या स्पीकरांसारखी ती कुजून गळत नाही. (संपूर्ण लेखात उपयोगी पडेल असे वाक्य बहुधा हेच.)

अपेक्षाही आवरत्या ठेवाव्यात. संवेदनशीलता जेमतेम ८२-८३ डेसिबल, म्हणजे अॅम्प्लिफायरने घाम गाळायचा आणि शेजाऱ्यांनी तक्रारही करायची नाही. खालचा खर्जही फारसा नाही. ख्याल, भावगीत, बातम्या ऐकाव्यात. ढोल-ताशा लावून पेटीला लाजवू नये. घरी किंमत सांगताना जोडीची नव्हे, एका स्पीकरची सांगावी.

माझा कौल विचाराल तर अकरा ओहमची, क्रमांक जुळणारी, कोणी दुरुस्तीसाठी न उघडलेली जोडी घ्या, पाटीवर नाव कोणाचेही असो. उरलेल्या पैशांत रेकॉर्डी घ्या.