नाश, राम, लाभ, मार

ती. सौ. आईस सा. न.

कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत जमेल तेवढं लिहिते.

ईशान ठणठणीत आहे. त्याला कोणी काही केलेलं नाही आणि तुझ्या फोनलाही नाही. ‘नाशई ाराम ालाभ ालामार’ हा निरोप त्यानेच पाठवला, आणि मूळ गुन्हेगार आपले बाबा! ‘रामाला भाला मारा’ उलटं वाचलं तरी तेच, हे नातवाला फोनवर त्यांनीच शिकवलं ना? पोराने ते टाईप केलं, शेवटी आपलं नाव घातलं आणि मजकूर उलटा करून देणाऱ्या एका साइटवर टाकलं. बटण दाबलं की झालं.

त्या साइटला बाराखडी येत नाही. आपल्याला ‘रा’ एक अक्षर. कंप्युटरच्या पोटात र वेगळा, काना वेगळा. ती सगळं सुटं करून शेपटाकडून लावत जाते. म्हणून तुला दिसलेले काने ठिपक्यांच्या गोलाला टेकून उभे होते. ‘नवीन’ दिलं तर ‘नीवन’ येतं. ‘नयन’ तेवढं सुखरूप परततं, कारण त्याला ना काना ना मात्रा. आणि ईशानचा झाला ‘नाशई’! त्यातून नाश, राम, लाभ, मार असं सुटं वाचून सुमामावशीने भविष्य काढलं म्हणे. तिला सांग, नारळ ओवाळून टाकू नकोस, वड्या कर.

बेबीताईचं जमलं, बरं झालं. पण हॉलचा निम्मा खर्च मुलाकडचे देणार असतील तर आधी लिहून घ्या. अण्णांची कवळी पुन्हा हरवली? लोणच्याच्या बरणीमागे बघ. विन्या गच्चीसाठी कोर्टात जातोय तर जाऊ दे, बाबांनी मध्ये पडू नये.

इकडे या आठवड्यात आमच्या दारावर पाटी लागलीय. स्टुटगार्टात केअरवोखे नावाचं व्रत असतं: आठवडाभर जिना आपण झाडायचा-पुसायचा, मग पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. शहराने १९८८ साली सक्ती उठवली, पण आमच्या भाडेकरारात ती ठाण मांडून बसलीय. जिना लख्ख असला तरी झाडायचा, आणि झाडताना दिसायचंही! शनिवारचं पुसणं मी शुक्रवारी उरकलं, तर खालच्या आजी कठड्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, “शनिवार अजून यायचाय.” थेट आपली मोठी आत्या.

ईशानवर मात्र खालच्या आजी खूश. त्यांनी त्याला ‘लागररेगाल’ शिकवलं, म्हणजे कोठीतली मांडणी. त्यांच्या स्पेलिंगात उलटसुलट एकच. ‘रेंटनर’ही तसाच, म्हणजे पेन्शनर. बाबांना सांग, कुठूनही वाचा, पेन्शनरच. बदल्यात ईशानने त्यांना राम-भाला शिकवला. आता त्या “रामाला बाला मारा” म्हणत जिना चढतात आणि रामाने असं काय केलं होतं, ते मला विचारतात.

मेतकूट मिळालं. रात्री सगळे झोपल्यावर मऊ भातावर घेतलं, उभ्यानेच, ओट्यापाशी. त्या दिवशी फोनवर तू घाबरून बोलत होतीस आणि मागून दूधवाल्याची हाक आली. त्यापुढचं तुझं काही मला ऐकूच आलं नाही गं. मी नुसतं हो हो करत होते.

बाबांना म्हणावं, ‘टेप आणा आपटे’ एवढ्यात शिकवू नका. आपटे कोण आणि त्यांनीच टेप का आणायचा, हे खालच्या आजींना समजावण्याइतकं माझं जर्मन अजून झालेलं नाही.

तुझी,
छबी