सही द्या ना, मॅडम!
नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुली पोस्टिंगला येतात त्या दिवशी आमच्या मेडिकल वॉर्डात स्टार्चचा वास फिनेलवर मात करतो. खिशात रंगीत पेनं, मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ आणि चेहऱ्यावर ‘आता कुणाचा जीव वाचवू?’ असा भाव. मी त्यांना बेड करायला लावते. भाव जागच्या जागी उतरतो.

पण बेड करतात मात्र देखणा! चादरीचे कोपरे पुस्तकातल्या आकृतीबरहुकूम, सुरकुती शोधून सापडणार नाही. पेशंटला त्यावर परत घ्यायचं त्यांच्या जिवावर येतं. एकीनं तर चक्क विनवलं होतं, “काका, राउंड होईपर्यंत स्टुलावर बसता का?”

श्वास मोजण्याची गोष्ट याहून नाजूक. आपण श्वास मोजतोय हे पेशंटला कळू द्यायचं नाही, असा नियम आहे. नाडी बघून झाली तरी मनगट धरून ठेवायचं आणि पूर्ण मिनिटभर छातीकडे बघायचं. मोठ्या माणसाचे मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास भरतात. पण आमची पोर पडली सरळमार्गी. “आजोबा, मी तुमचे श्वास मोजतेय हं!” आजोबा निवृत्त शिक्षक, शिवाय पहाटेच्या योगवर्गाचे मॉनिटर. त्यांनी पाठ ताठ केली, डोळे मिटले आणि दीर्घ श्वसन आरंभलं. चार्टवर आकडा पडला ४. तो वाचून निवासी डॉक्टरांचाच श्वास अडकला. ते धावत आले, तेव्हा आजोबांनी एक डोळा उघडून दटावलं, “मध्ये बोलू नका, मुलीचा हिशेब चुकेल.”

देखरेख मी त्यांच्यावर ठेवायची, असं कागदोपत्री आहे. प्रत्यक्षात उलटंच चालतं. “मॅडम, सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळायचं ना?” असं एखादीनं भाबडेपणानं विचारलं, की ट्रॉलीपाशी उभे असलेले सगळे, अगदी मोठे साहेबसुद्धा, पुन्हा हात चोळायला लागतात. कचऱ्याच्या डब्यांचंही तेच. लाल डब्यात केळ्याची साल टाकणाऱ्या नातेवाइकांवर आम्ही वर्षानुवर्षं ओरडतोय, फरक शून्य. एका मुलीनं मात्र अशा एका मामांना डब्यांसमोर उभं केलं. लालमध्ये सलाईनच्या नळ्या, पिवळ्यात रक्ताचा कापूस, पांढऱ्यात सुया, निळ्यात काच, असं सगळं समजावलं आणि शेवटी तोंडी परीक्षाही घेतली. मामांनी पेशंटला डिस्चार्ज मिळेपर्यंत केळं खाल्लं नाही.

पोस्टिंग संपत आली की मात्र त्यांची सेवावृत्ती लॉगबुकाच्या ताब्यात जाते. रायल्स ट्यूब, कॅथेटर, एनिमा. केलं तरच सही. मग सकाळच्या हँडओव्हरला “बेड नंबर ७, तीन दिवस शौचाला झालेली नाही” एवढं म्हणायचा अवकाश, सगळ्यांचे चेहरे उजळतात. कुणी आधी, यावरून कुजबूज सुरू होते आणि मला चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. बद्धकोष्ठाला इतका मान दुसरीकडे कुठे मिळत असेल असं वाटत नाही.

परवा सात नंबरच्या काकांनी हा सगळा व्यवहार पडल्यापडल्या ऐकला. चिठ्ठी निघाली, ट्रे लागला, पडदा ओढायला पोरगी निघाली, तर बेड रिकामा. काका बाथरूमकडून लगबगीनं येत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, “सिस्टर, झालं माझं. अगदी साफ. पण त्या पोरीला तुम्हीच सांगा बुवा, फार हिरमुसेल ती.”