पत्ता इथलाच, पोपडेही इथलेच

अमेरिकेत बफेलो, क्लीव्हलँडच्या बाजूला घरापुढे काँक्रीटचा ड्राइव्हवे करायचा तर सल्ला ठरलेला: ठेकेदार स्थानिकच घ्या, त्याला इथली थंडी कळते. कळत असेलही, पण गोठताना सुमारे 9 टक्के फुगणारे पाणी कुणाचा रहिवासी दाखला बघत नाही. काँक्रीटमध्ये मुद्दाम साधारण 6 टक्के हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपात ठेवली, तर त्या फुगण्याला जागा मिळते. पाणी-सिमेंटचे प्रमाण 0.45 च्या आत राहिले, तर मुळात पाणीच कमी मुरते. दोन्ही आकडे मालाच्या चलनावर लिहून मागता येतात. मग ट्रक येतो, माल जरा घट्ट वाटतो आणि त्याच गल्लीत लहानाचा मोठा झालेला गडी नळी उचलून त्यात पाणी सोडतो. हिवाळ्यात वर बर्फ वितळवायचे मीठ पडले की पोपडे निघतात. दोष अर्थात हवामानाचा.

कोणी म्हणेल, बाहेरचा पैसे घेऊन पसार होतो, स्थानिक निदान सापडतो. खरे आहे. सापडतो आणि ‘यंदा थंडीच फार हो’ असे आपुलकीने सांगतो. तेव्हा पत्ता जरूर विचारा, पण आधी त्याने चार-पाच हिवाळ्यांपूर्वी केलेले काम बघून या. आणि माल पडेपर्यंत, चलन हातात घेऊन, त्या नळीजवळ उभे राहा.