सन १९६८चा ड्रायव्हर

कॉम्प्युटर बंद पडला की मराठी माणसाच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "काल संध्याकाळपर्यंत तर चांगला होता!" हे वाक्य दवाखान्यातही चालतं आणि शोकसभेतही. दुसरं वाक्य, "कोणी हात लावला होता?" इथे तपास संपतो आणि मतप्रदर्शन सुरू होतं.

आमचा दिवाळी अंक ज्या प्रेसमध्ये तयार होतो, तिथल्या अण्णांनी पेपरात वाचलं की विंडोज १०ला मिळणारे सुरक्षेचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबणार. त्या वर्षी दिवाळीही ऑक्टोबरातच होती. अंक बाजारात जाईपर्यंत दम धरणं शहाणपणाचं होतं. पण विंडोज ११ फुकट मिळतंय म्हटल्यावर दम कोण धरतो? अण्णांनी भर सप्टेंबरात डीटीपीच्या मशीनवर ते चढवलं. दोन कथा लावून झाल्या, तिसरीतला नायक नायिकेला काहीतरी सांगणार, इतक्यात पडदा काळा झाला.

"ब्लू स्क्रीन आला!" ऑपरेटर वहिनी ओरडल्या.

"काळा आहे," कोपऱ्यातून प्रूफरीडर काका म्हणाले.

काकांचं बरोबर होतं. तीसेक वर्षं निळा असलेला हा पडदा मायक्रोसॉफ्टने २०२५मध्ये विंडोज ११वर काळा केला. २०१२पासून त्यावर असलेला रडका चेहराही काढून टाकला. लोक मात्र अजून ब्लू स्क्रीनच म्हणतात, आणि काका दर वेळी दुरुस्ती सुचवतात.

मग मतं आली. अण्णांच्या मते व्होल्टेज. त्यांच्या दृष्टीने जगातल्या सगळ्या दुःखांचं मूळ व्होल्टेज आहे. चहा घेऊन आलेल्या काकूंनी विचारलं, "पितृपक्षात कोणी नवीन काही करतं का?" यावर अण्णांनी फक्त बशी तोंडाला लावली, कारण पंचांग काकूंच्या बाजूने होतं. अण्णांचा भाचा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने मशीनचं झाकण उघडलं, रॅमची पट्टी उपसली आणि काकांचं खोडरबर घेऊन तिचे सोनेरी दात घासायला बसला. हा आपल्याकडचा मान्यताप्राप्त उपचार आहे. दातांवर खरंच मळ बसला असेल तर गुणही येतो. नसेल तर निदान खोडरबर स्वच्छ होतं. हार्डवेअरवाला फोनवरच म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल." त्याला अजून काय झालंय ते कोणी सांगितलंही नव्हतं.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट कोणीच करत नव्हतं. पडद्यावर काय लिहिलंय ते वाचत नव्हतं. इंग्रजी मजकूर आणि तोही अचानक समोर आला की आपण तो वकिलाच्या नोटिशीसारखा लांब धरतो. काकांचा मात्र नाइलाज आहे. छापील अक्षर दिसलं की ते वाचतात. औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी वाचतात, एसटीच्या तिकिटामागचा मजकूर वाचतात. नवा काळा पडदा क्षणभरच टिकतो आणि मशीन पुन्हा सुरू होतं. म्हणून काकांनी हप्त्याहप्त्याने वाचन केलं. एका क्रॅशला वरची ओळ, पुढच्या क्रॅशला खालची. लाल पेनने कच्च्या प्रूफाच्या पाठीवर त्यांनी उतरवून घेतलं: 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. शब्दांच्या मध्ये जागा न सोडता खाली रेघा का मारल्यात, असा शेराही समासात होता. आणि त्याखाली एका फाइलीचं नाव, शेवटी डॉट सिस. दर वेळी तेच नाव.

डॉट सिस म्हणजे बहुतेक वेळा ड्रायव्हर. प्रिंटर, माउस, ग्राफिक्स कार्ड, वायफाय, प्रत्येकाशी विंडोजला ज्याच्यामार्फत बोलावं लागतं तो प्रोग्रॅम. आता, साधा प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर यांत फरक काय? साधा प्रोग्रॅम म्हणजे लग्नाला आलेला पाहुणा. पंगतीत भांडला तर त्याला मांडवाबाहेर काढतात आणि जिलबीचा आग्रह चालू राहतो. ड्रायव्हर म्हणजे भटजी. तो थेट बोहल्यापाशी, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, उभा असतो. त्याने ऐन मंगलाष्टकांत भलत्याच मुलीचं नाव घेतलं तर त्याच्या एकट्यापुरता प्रश्न मिटवता येत नाही. सगळं लग्नच थांबवावं लागतं. काकांनी टिपलेल्या ओळीचा अर्थ साधारण हाच. अत्यंत घाईच्या कामात असताना ड्रायव्हरने मेमरीतल्या भलत्या पत्त्याला हात घातला. विंडोज अशा वेळी मुद्दाम स्वतःला थांबवतं. चुकीच्या जागी काहीबाही लिहिलं जाऊन फाइली नासण्यापेक्षा मुहूर्त हुकलेला बरा. विंडोज एक्सपीच्या काळात नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होते, असं २००३मधल्या एका शोधनिबंधात आहे. भटजी तेव्हाही तेच होते.

भाचा आता उत्साहात आला. त्याने नेटवरून ड्रायव्हर तपासणारं एक फुकट सॉफ्टवेअर उतरवलं. त्या सॉफ्टवेअरने मशीनभर फिरून लाल अक्षरांत जाहीर केलं की जवळजवळ सगळेच ड्रायव्हर कालबाह्य असून पैसे भरल्यास सर्वांचा उद्धार होईल. असल्या सॉफ्टवेअरांचा मला मनस्वी राग आहे. दारावर येऊन पत्रिका मागणारे ज्योतिषी परवडले, ते निदान पाणी पिऊन जातात. पण त्या यादीत काकांना एक तारीख दिसली आणि ते खुर्चीतून उठलेच.

"इथे मुद्रणदोष आहे. अठरा जुलै एकोणीसशे अडुसष्ट!"

खरंच तसं होतं. इंटेलच्या चिपसेटचा ड्रायव्हर, तारीख १८ जुलै १९६८.

"सापडला!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "सत्तावन्न वर्षांचा ड्रायव्हर! बँकेतसुद्धा साठाव्या वर्षी घरी पाठवतात. अरे, त्या साली आमच्या गावात वीज नव्हती!"

बिचारा ड्रायव्हर निर्दोष होता. १८ जुलै १९६८ हा इंटेल कंपनीचा स्थापना दिवस. कंपनी आपल्या काही ड्रायव्हरना मुद्दाम ही तारीख देते. विंडोज ड्रायव्हर निवडताना तारीखही बघतं, आणि मशीन बनवणाऱ्याने स्वतः दिलेला खास ड्रायव्हर असेल तर आपल्या सर्वसाधारण ड्रायव्हरने त्याला उठवून त्याच्या जागेवर बसू नये, म्हणून ही जुनी तारीख. मायक्रोसॉफ्टही तेच करतं. विंडोजबरोबर येणाऱ्या त्यांच्या ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही तारीख असते. स्वतःहून वय वाढवून सांगणारी ही जमात मला फार आवडली. आमच्या साहित्य संमेलनांत पुढच्या रांगेसाठी ज्या हालचाली होतात, त्या बघता तर फारच.

उलट कोवळं वय हाही निर्दोषपणाचा दाखला नव्हे. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने ताजी, भाजून काढलेली एक फाइल जगभर पाठवली. कंपनीच्या ड्रायव्हरला वाचायला वीसच रकाने दिलेले होते, तो एकविसावा वाचायला गेला, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन आडवी झाली. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. इलाज काय, तर एकेका मशीनपाशी जाऊन सेफ मोड सुरू करा आणि ती एक फाइल पुसा. मी हे सांगितल्यावर काकांनी वहीत टिपलं: 'अठरा जुलै निर्दोष, एकोणीस जुलै दोषी.'

आमचा खरा आरोपी मशीनच्या पाठीला लटकत होता. मराठी फॉन्टच्या जुन्या सॉफ्टवेअरला एक लॉक लागतं. बोटाच्या पेराएवढी यूएसबी कांडी. ती खोचलेली नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. आमच्या लॉकवरचं लेबल घासून गेलंय, आणि हरवू नये म्हणून वहिनींनी त्याला पूजेतला लाल दोरा बांधलाय. त्या कांडीचा ड्रायव्हर विंडोज १०मधून उचलून जसाच्या तसा ११मध्ये आला होता, आणि काकांनी टिपलेलं नाव त्याचंच होतं. त्याची तारीख २००९. ती मात्र खरी होती.

पुढचं काम फार नाट्यमय नाही. लॉक काढलं. शिफ्ट दाबून रिस्टार्ट केलं आणि सेफ मोडमध्ये गेलो, जिथे विंडोज अगदी गरजेपुरतेच ड्रायव्हर सोबत घेतं. मशीन तिथे शांत होतं, म्हणजे रॅम आणि व्होल्टेज यांच्यावरचा संशय बराच कमी झाला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवायला सांगितल्यावर मात्र वहिनी खुर्ची ओढून जवळ आल्या. फिकट अक्षरांत प्रेसचा सगळा इतिहास उमटला होता: भंगारात गेलेला स्कॅनर, कोणाच्या तरी लग्नाचे फोटो आणलेला पेनड्राइव्ह, अण्णांनी विकला नाही असं काकूंना सांगितलेला प्रिंटर. काकूंनी ती यादी चष्मा लावून वाचली. अण्णांनी व्होल्टेज बघायला बाहेर जाणं पसंत केलं.

जुना ड्रायव्हर फाइलीसकट उपटला, लॉक बनवणाऱ्यांच्याच साइटवरून नवा आणला, मशीन पुन्हा सुरू करून मग लॉक खोचलं. तिसऱ्या कथेतल्या नायकाने नायिकेला जे सांगायचं ते अखेर सांगितलं. ते ऐकून, ड्रायव्हर जुनाच राहिला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. पण लेखक जाहिरात मिळवून देणारे आहेत.

क्रॅश थांबल्याचं श्रेय भाचा खोडरबराला देतो, अण्णा नव्या स्टॅबिलायझरला आणि काकू सर्वपित्री अमावास्येला. सगळं आटोपल्यावर उगवलेल्या हार्डवेअरवाल्याने माउस दोनदा हलवून पाहिला आणि बिल दिलं: 'फॉरमॅट चार्जेस व ड्राव्हर अपडेट'. काकांनी 'ड्रा'च्या पुढे लाल शाईने 'य' घातला आणि 'फॉरमॅट चार्जेस व' वर काट मारून समासात 'गाळा' असं लिहिलं.

अण्णांनी खालची रक्कम बघून आशेने विचारलं, "काका, आकड्यांत नाही का काही चूक सापडत?"

"आकडे मी तपासत नाही," काका टोपण लावत म्हणाले. "ती लेखकाची जबाबदारी."