पहिली उचल

आतड्यातल्या जंतूंपासून औषध करणारी प्रयोगशाळा पुण्यात नव्हे, तळेगाव ढमढेऱ्यात हवी, असं माझं ठाम मत आहे. (ढमढेऱ्यातच. दाभाडे मावळात आहे. डबा तिकडे गेला तर सगळंच मुसळ केरात.) या धंद्याचा कच्चा माल म्हणजे निरोगी माणसाचा मळ, आणि हा माल नाशवंत. त्यातल्या बहुतेक जंतूंना प्राणवायू सोसत नाही. म्हणून तर संशोधक नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत खांद्यापर्यंत हात घालून, नोकरी कसली करता या प्रश्नाला 'औषध कंपनीत' एवढंच उत्तर देत जगतो. असा माल सकाळी शिक्रापूरवरून निघून वाघोलीच्या कोंडीत सापडला, तर पुण्यात पोचेपर्यंत गुण जाऊन फक्त वास उरायचा. तोडलेल्या उसाचा उतारा घटतो म्हणून घोडगंगा कारखाना न्हावऱ्याला, उसाच्या कुशीत उभा राहिला. इथे वेगळा न्याय कशाला?

छी म्हणणाऱ्यांनी आधी आकडे बघावेत. प्रतिजैविकांच्या माऱ्याने पोटातले सज्जन जंतू मेले की क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा गुंड तिथे ठाण मांडतो आणि माणसाला जुलाबांनी बेजार करतो. असे वारंवार बेजार झालेले रुग्ण घेऊन नेदरलँड्समध्ये चाचणी झाली, ती 2013 साली प्रसिद्ध झाली. निरोगी दात्याचा मळ पातळ करून नळीने आतड्यात सोडला, तेव्हा 16 पैकी 13 जण पहिल्याच खेपेला बरे झाले. नुसतं व्हॅन्कोमायसिन घेणाऱ्यांत 13 पैकी 4. यावर कोणी म्हणेल, मग प्रयोगशाळा तरी कशाला, शेजाऱ्याकडून मागून घेऊ. तर 2019 साली अमेरिकेत नीट न तपासलेल्या मळातून औषधांना दाद न देणारा ई. कोलाय गेला आणि एक रुग्ण दगावला. शेजारधर्माला मर्यादा असते. आता गोळी निघालीय ना, हाही आक्षेप येतो. निघालीय, 2023 साली तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. पण ती बनते दात्यांच्या मळातूनच.

मग अमेरिकेचाच माल का आणू नये? कारण आपली पोटं निराळी. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांना भारतीय आतड्यांत प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे जंतू विशेष भरलेले आढळले, आणि प्रिव्होटेलाचं धान्याच्या कोंड्याशी जुनं सख्य आहे. म्हणून दाते भाकरी खाणाऱ्या गावातलेच हवेत. तळेगावातही आता भाकरीशेजारी बिस्किटाचा पुडा आलाय, हे मान्य. म्हणूनच घाई करायला हवी. खरी अडचण सरकारी आहे. 2000 साली संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान निघालं. पुढे गुड मॉर्निंग पथकांनी पहाटे उठून टमरेलवाल्यांना गाठलं. त्याच पथकांना आता बर्फाची पेटी घेऊन, दंडाऐवजी पहिली उचल वाटत फिरायला सांगणं जड जाईल.

शिवाय निवड कडक. अमेरिकेतल्या एका मळपेढीत 100 इच्छुकांतले 3 सुद्धा दाते म्हणून टिकत नसत: रक्त तपासा, वजन बघा, नुकतंच प्रतिजैविक घेतलं असेल तर घरी जा. म्हणजे गावातले सत्त्याण्णव टक्के नाराज होणार, आणि ज्याचा माल पास झाला तो पारावर मिशीला पीळ देत बसणार. नापासांचं काय करायचं, याची चिंता मात्र नको. सहकारी तत्त्वावर कारखाना काढला की ते आपोआप संचालक मंडळावर जातील.