घड्याळाचा गोपनीय अहवाल

वय ६०. ते २२० मधून वजा केलं की उरले १६०. काकांच्या हृदयाची ही कमाल मर्यादा, असं त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाने परस्पर ठरवून टाकलं आहे. त्याच्या साठ ते सत्तर टक्के, म्हणजे मिनिटाला ९६ ते ११२ ठोके, हा ‘झोन टू’. सावकाश पळायचं ते याच्यात, असा हल्लीचा दंडक. काका पुण्यातल्या तळजाई टेकडीच्या चढाला लागतात, जेमतेम चार ढांगा पळतात, तोच आकडा ११५ होतो आणि मनगट थरथरतं. काका मुकाट्याने चालायला लागतात. मागून गप्पा मारत आलेल्या दोन आजी त्यांना ओलांडून पुढे जातात.

हे २२० आले कुठून? १९७१च्या सुमारास विल्यम हॅस्केल आणि सॅम्युएल फॉक्स या अमेरिकी संशोधकांनी दहा-अकरा अभ्यासांतले आकडे एका आलेखावर मांडले आणि त्यांतून एक रेघ ओढली. त्या आकड्यांत विड्या-सिगारेटी ओढणारे होते, हृदयविकाराचे रुग्णही होते. अंदाजापुरती ओढलेली ती रेघ पुढे व्यायामशाळांच्या भिंतींवर चढली आणि तिथून मनगटावर उतरली. सरासरीला ठीकच आहे ती. पण एकेका माणसाच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, कधी त्याहूनही जास्त. २००१ साली सुधारित सूत्र आलं : वयाला ०.७ने गुणा आणि २०८ मधून वजा करा. त्या हिशेबाने काकांची मर्यादा १६६ आणि झोन टू ११६पर्यंत. म्हणजे ज्या ११५ला काकांना पकडलं, तो आकडा एका सूत्राने गुन्हा ठरतो आणि दुसऱ्याने नाही. संशयाचा फायदा द्यायला हरकत नव्हती.

सावकाश पळणं हे मात्र थोतांड नव्हे. नॉर्वेत स्थायिक झालेल्या स्टीफन सायलर यांनी सहनशक्तीच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांची सुमारे ८० टक्के सत्रं अगदी आरामात केलेली निघाली. हौशी मंडळींचं मात्र भलतंच. त्यांचं रोजचं पळणं ना धड सावकाश, ना धड जोरात. मग सावकाश ओळखायचं कसं? फुकुओका विद्यापीठाचे हिरोआकी तनाका यांनी सोपी खूण सांगितली होती : चेहऱ्यावर हसू टिकेल इतक्याच वेगाने पळा. ही कसोटी पुण्यात चालायची नाही. इथे उभ्या माणसाच्या चेहऱ्यावरही ते टिकेलच असं नाही. त्यापेक्षा बोलण्याची कसोटी बरी. धाप न लागता पूर्ण वाक्यं बोलता आली की वेग बरोबर. काका पळता पळता नव्या उड्डाणपुलाचं नेमकं काय चुकलं ते कंसांसकट सांगू शकतात.

घड्याळाला हे ऐकू येत नाही. त्याच्याकडे आहे हिरवा दिवा. दिव्याचा उजेड कातडीत शिरतो, त्यातला काही रक्त शोषून घेतं, आणि परतलेल्या उजेडाच्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला किंवा थंडीत कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसल्या की गडबड होते. कधी तर ते पावलांच्या ठेक्यालाच नाडी समजतं आणि रमतगमत पळणाऱ्या माणसाला १७० दाखवून घाबरवतं. तरी इथवर निदान मोजणी आहे. व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं तो आकडा), थकवा उतरायला लागणारे तास, शरीराचं वय हा पुढचा सगळा मजकूर म्हणजे त्या मोजणीवर चढवलेले अंदाज. खरा व्हीओटू मॅक्स काढायचा तर प्रयोगशाळेत तोंडाला मुखवटा लावून ट्रेडमिलवर दम संपेपर्यंत पळावं लागतं. घड्याळ बघतं ते एवढंच, की अमुक वेगाला नाडी किती. एप्रिलच्या उकाड्यात त्याच वेगाला नाडी वर जाते, कारण रक्ताला अंग गार ठेवण्याचंही काम लागतं. काही घड्याळं तापमानाची सूट देतात. काकांचं देत नाही. त्याने शेरा मारला : ‘अनुत्पादक’. सरकारी नोकरीत काकांच्या वार्षिक गोपनीय अहवालावर ‘चांगला’च्या खाली कधी काही उतरलं नव्हतं. या शेऱ्याविरुद्ध अपील कुठे करायचं, हे त्यांनी सेटिंगमध्ये बराच वेळ शोधलं.

उष्मांकांबद्दल तर बोलूच नये. २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात मनगटी यंत्रं तपासली. ठोक्यांच्या बाबतीत सहा यंत्रांची चूक पाच टक्क्यांच्या आत राहिली. उष्मांकांत मात्र सर्वांत अचूक यंत्रही सरासरी २७ टक्के चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. तेव्हा घड्याळाच्या भरवशावर रविवारी मिसळीबरोबर मागवलेले जादा पाव ज्याने त्याने स्वतःच्या जबाबदारीवर खावेत.

काकांच्या सोसायटीतला एक तरुण अलीकडे त्यांच्याबरोबर पळतो.

“काय रे, मेट्रो स्टेशनबाहेर रिक्षा मिळते का?”

“हो.”

“मीटरने?”

“ना... ही.”

“अरे, जोरात पळतोयस तू.”

“झोन... टू... काका,” असं म्हणत त्याने मनगट पुढे केलं. १२८.

पुढच्या रविवारी त्याने छातीचा पट्टा बांधला. हा पट्टा उजेडाच्या भानगडीत पडत नाही. ईसीजीसारखे हृदयाचे विद्युत संकेतच टिपतो. त्याच चढावर, त्याच वेगाला आकडा आला १५६. तरुण हिरमुसला, पण आठवडाभर काकांच्या चालीने पळाला आणि रिक्षावाल्यांबद्दलचं त्याचं मत एकदाचं पूर्ण वाक्यात ऐकायला मिळालं. मग पट्टा धुवायला गेला. मनगटावरचा आकडा पुन्हा १२८वर आला आणि जुन्या वेगाला इतकी कमी नाडी बघून घड्याळाने त्याचा व्हीओटू मॅक्स वाढवला, वर अभिनंदनही केलं. तेव्हापासून पट्टा काही वाळत नाही, असं तो सांगतो.